पाच मोजेपर्यंत

सव्वादोन वर्षांचं मूल अजून बोलत नाही म्हटलं की मंगळवेढ्याकडच्या घरांत उत्तरं तयार असतात. ‘बाप पण तीन वर्षांचा झाल्यावरच बोलला की.’ ‘पोरगा आहे, पोरं उशिराच बोलतात.’ ‘वेखंड उगाळून चाटवा.’ ‘जिभेखालची तार कापून आणा.’ तालुक्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीकडच्या गावांत आणखी एक उत्तर ऐकू येतं: घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, म्हणून पोर गोंधळलंय. हे सांगणारी माणसं त्या मुलावर जीव टाकणारीच असतात. पण त्यांच्या भरवशावर घालवलेलं वर्ष पुन्हा हाती येत नाही.

आधी दोन भाषांचं बघू. बाराव्या शतकात कलचुरी बिज्जळाच्या पदरी बसवेश्वरांनी ज्या मंगळवेढ्यात काम केलं, तिथे दोन भाषांची घरं आजची नाहीत. आठशे वर्षांत इथली मुलं दोन्ही भाषा बोलत मोठी झाली. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. फक्त त्याचे शब्द मोजताना दोन्हीकडचे मिळून मोजायचे. आईकडे ‘पाणी’ आणि आजीकडे ‘नीरु’ म्हणत असेल तर ते दोन शब्द झाले. ज्या मुलाचा विकास खरोखर उशिरा होतोय, त्याच्यासाठीसुद्धा आजीची भाषा बंद करायची गरज नसते. उलट आजी गप्प झाली तर घरातलं सगळ्यात जास्त बोलणारं माणूस गप्प होतं.

वेखंडाने वाचा फुटत नाही. जीभ खाली बांधलेली असेल तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना त्रास होऊ शकतो, पण मूल शब्दच काढत नाही याचं कारण ते क्वचितच असतं. बोलणं उशिरा येतंय असं वाटलं की पहिली तपासणी कानांची करायची. दार आपटल्यावर दचकतं म्हणजे नीट ऐकू येतं असं नाही. दणदणीत आवाज पोचतो आणि ‘स’, ‘फ’सारखे बारीक आवाज निसटतात, असंही होतं. ‘बेरा’ नावाच्या तपासणीत मूल झोपलेलं असताना कानाकडून मेंदूकडे जाणारे संकेत मोजतात, त्यामुळे अगदी तान्ह्या बाळाचीही ती होते.

आता ‘उशीर’ कशाला म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून 2006 मध्ये काही मर्यादा मांडल्या. आधाराशिवाय चालायला कुणी आठव्या महिन्यात लागतं, तर कुणी साडेसतराव्या. दोन्ही ठीकच. म्हणजे शेजारणीचं बाळ अकराव्या महिन्यात चाललं म्हणून आपल्याकडे काही बिघडलंय असं नाही. पण दीड वर्ष उलटलं आणि पाऊल पडत नाही, नऊ महिने उलटून गेले तरी बसवलेलं मूल कलंडतं, वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळून बघत नाही, दीड वर्षात एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, तर मात्र दाखवायला जायचं. आणि आलेले शब्द, आलेलं हसणं मागे गेलं तर एक दिवसही थांबायचं नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून धरतात: दोन महिने आधी आलेलं बाळ दहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून आठ महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची. हा साधा हिशेब कुणी सांगितला नाही म्हणून कित्येक आयांनी उगाच रात्री जागवल्या असतील.

दाखवायला जायचं म्हणजे बहुतेक वेळा सोलापूर. अंतर 55 किलोमीटरच्या आसपास. मूल कडेवर, पिशवीत डबा आणि कागद, एसटी, मग रिक्षा, मग रांग. त्या दिवसाची मजुरी बुडते. आठवड्यातून एकदा थेरपी ठरली तर ती पाऊण तासाची. मूल दिवसाचे बारा तास जागं असतं असं धरलं तर आठवड्याचे होतात 84 तास. थेरपिस्ट कितीही निष्णात असो, तिच्या वाट्याला त्यातला पाऊण तास येतो. उरलेले सव्वात्र्याऐंशी तास आई, आजी, बाप, काकू आणि अंगणातली पोरं यांच्याकडे असतात.

पालक प्रशिक्षण म्हणतात ते या उरलेल्या तासांसाठी. शब्द ऐकून सतरंजी, माइक आणि भाषण डोळ्यांसमोर येतं, पण भाषणाने यातलं फार थोडं साधतं. खरं प्रशिक्षण म्हणजे आईने आपल्याच मुलाबरोबर काहीतरी करायचं, शिकवणारीने शेजारी बसून बघायचं, काय जमलं ते दाखवायचं आणि आईने लगेच पुन्हा करून बघायचं. पोहणं काठावर बसून शिकता येत नाही, तसंच हे. आणि त्यासाठी दिवसात वेगळा तास काढायचा नसतो. भाकरी, अंघोळ, कपडे, झोप यांतच ते बसवायचं असतं. जिला पहाटेपासून रात्रीपर्यंत बसायला फुरसत नाही, तिला ‘रोज दोन तास थेरपी करा’ असं सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर एक नवा अपराध ठेवणं आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणू. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. मालदांडी ज्वारीचं पीठ, परात, तवा तापलेला. सव्वादोन वर्षांचा मुलगा येतो, आईचं मनगट धरतो आणि तिचा हात माठाकडे ओढतो. तिच्या तोंडाकडे बघत नाही. हात म्हणजे जणू एक अवजार. आई उठते, पेला भरून देते, तो पितो आणि निघून जातो. आईला सगळं न बोलता कळलं, मुलाचं काम झालं. बोलण्याची गरज कुणालाच पडली नाही. दिवसातून आठ वेळा हेच.

शिकून आलेली आई याच वेळी थोडं वेगळं करते. पेल्यात दोन घोट पाणी घेते. खाली बसते, डोळ्यांना डोळा भिडेल इतकं खाली. पेला आपल्या गालाजवळ धरते, त्याच्याकडे उत्सुकतेने बघते आणि काही न बोलता मनात मोजते: एक, दोन, तीन, चार, पाच. पाच मोजणं फार जड जातं. आईचा जीव तिसऱ्यालाच ‘पाणी हवं का बाळा? पाणी? म्हण पाणी’ असं म्हणायला उतावीळ होतो. पण ज्या मुलाचा मेंदू ऐकलेलं, बघितलेलं सावकाश जुळवतो, त्याची वेळ नेमकी त्या चौथ्या-पाचव्या आकड्याला येते. तो क्षणभर वर बघतो. किंवा हात पुढे करतो. किंवा ‘उं’ म्हणतो. जे काही आलं, ते मागणं समजून आई लगेच म्हणते, ‘पाणी!’ आणि पेला हातात देते. दोनच घोट असल्यामुळे ते संपतं, तो पुन्हा येतो, आणि एका तहानेत बोलण्याच्या तीन संधी मिळतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. ‘आधी पाणी म्हण, मग देईन’ ही अट यात नाही. तहानलेल्या पोराला अडवून धरायचं नाही. पाच मोजून काहीच आलं नाही तरी आई ‘पाणी’ म्हणते आणि देते. अट घातली की मूल रडतं, आई हरते आणि माठ म्हणजे भांडणाची जागा होऊन बसते.

दुसरी युक्ती याहून सोपी, पण घरच्यांना विचित्र वाटणारी. मुलगा डब्याचं झाकण जमिनीवर गरगरा फिरवत बसतो. ते काढून घेऊन त्याच्यापुढे चित्रांचं पुस्तक ठेवायचं, अशी आपली सवय. त्याऐवजी आईने दुसरं झाकण घेऊन समोर बसायचं आणि आपणही फिरवायचं. ‘गोल, गोल, गोल… पडलं!’ तो आपल्या झाकणाकडून तिच्या झाकणाकडे बघतो, मग तिच्याकडे. मुलाचं लक्ष जिथे आहे तिथे आपण जायचं आणि तिथल्या वस्तूला शब्द द्यायचा. आपण मात्र मुलांशी बोलतो म्हणजे परीक्षा घेतो: ‘हा कोण? कावळा कसा करतो? काकाला नमस्कार कसा करतात?’ ज्याला शब्दच सापडत नाहीत त्याला असले प्रश्न म्हणजे रोजची नापास होण्याची वेळ. प्रश्न कमी, सांगणं जास्त. ‘कावळा आला. काव काव.’ मुलगा ‘भाकरी’ म्हणाला तर आपण ‘गरम भाकरी’. त्याच्याहून एकच शब्द पुढे.

कामं शिकवताना मोठं काम तोडून घेतात आणि शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करतात. चड्डी घालायला शिकवायची तर आईने गुडघ्यांच्या वर आणून ठेवायची, शेवटचा ओढा मुलाने मारायचा. काम संपवलं त्याने, शाबासकीही त्याची. तो ओढा जमला की आई चड्डी गुडघ्यापर्यंतच आणते, मग घोट्यापर्यंत. दोन महिने लागोत, पण प्रत्येक वेळी शेवट यशाने होतो.

हे सगळं ऐकायला घरगुती वाटतं, म्हणून ‘याने काय होणार’ असा प्रश्न येतोच. त्याचं एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून आलं आहे. ‘संगाथ’ ही 1996 साली गोव्यात सुरू झालेली संस्था. ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांसाठी इंग्लंडमध्ये बसवलेली एक पद्धत संगाथच्या चमूने, पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांसोबत, आपल्याकडच्या घरांसाठी बदलून घेतली. इंग्लंडमध्ये हे काम स्पीच थेरपिस्ट करत. इथे इतके थेरपिस्ट आणायचे कुठून? म्हणून तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून, त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख ठेवून त्यांना घरोघर पाठवलं. दोन ते नऊ वर्षांची 65 मुलं या अभ्यासात होती. निम्म्यांना ही मदत, निम्म्यांना नेहमीचे उपचार, कोण कुठे जाणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं. निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले.

घरात नेमकं काय व्हायचं ते बघण्यासारखं आहे. कार्यकर्ती आई-मुलाला काही मिनिटं खेळू द्यायची आणि त्याचं चित्रण करायची. मग दोघी शेजारी बसून ते बघायच्या. चुका काढायला नाही. मुलाने कुठे बघितलं, आई कुठे त्याच्या मागोमाग गेली, ती गेली तेव्हा मुलाने काय केलं, असे छोटे तुकडे थांबवून थांबवून. वर्षभर ‘हा माझ्याकडे बघतच नाही’ म्हणणारी बाई पडद्यावर बघते की तो बघतो, अर्ध्या क्षणापुरता, आणि त्या अर्ध्या क्षणी ती स्वतः दुसरीकडे खेळणं शोधत असते. कोणत्याही व्याख्यानाने जे कळलं नसतं ते त्या तुकड्यात दिसतं.

मदत मिळालेल्या घरांत पालकांचं मुलाच्या कलाने वागणं स्पष्टपणे वाढलं, आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. एक मोजमाप उलटंही आलं: दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ या गटात कमीच भरला. अभ्यासकांनी ते लपवलं नाही, आणि म्हणूनच त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. ऑटिझम बरा झाला असा दावा कुणी केलेला नाही. पण तज्ज्ञ नसलेली, नीट शिकवलेली बाई घरी जाऊन एवढा फरक पाडू शकते, हे मंगळवेढ्यासारख्या तालुक्यासाठी फार मोठं आहे. ते चित्रण तर आज नणंदेच्या मोबाइलवरही होऊ शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा कार्यक्रमही याच वाटेने जातो: दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटी. त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे निदानाची चिठ्ठी असायलाच हवी अशी अट नाही. मूल मागे पडतंय एवढं पुरे. आपल्याकडे रोगाचं नाव मिळेपर्यंत घर थांबून राहतं आणि नाव मिळायला कधी कधी दोन वर्षं जातात. पाच मोजून थांबायला कुठल्याही नावाची गरज नाही.

मुंबईच्या ‘उम्मीद’ या केंद्राचाही उल्लेख करायला हवा. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ते 2001 मध्ये सुरू केलं. तुर्कस्तानात तयार झालेलं, साडेतीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा विकास बघण्याचं एक साधन भारतात तपासण्याचं काम तिथे झालं. या साधनात ठोकळे नाहीत, घंटी नाही. आईला मोकळे प्रश्न विचारायचे: तुमच्या बाळाच्या वाढीबद्दल तुम्हाला काही काळजी वाटते का? त्याला काय हवं ते तो तुम्हाला कसं सांगतो? जिला ‘तुम्हाला काय कळतं’ असंच ऐकायची सवय आहे, तिच्या सांगण्यावरून तपासणी सुरू होते. या प्रश्नांची उत्तरं देता देताच कित्येक जणी मुलाकडे नव्याने बघू लागतात, असं मला वाटतं.

बोलण्याबद्दलच लिहीत गेलो, पण ज्या घरात मूल मान धरत नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, तिथलं प्रशिक्षण वेगळं. तिथे आधी उचलायचं कसं ते शिकवतात. असं मूल दोन्ही हातांवर आडवं घेऊन फिरलं की पाय आणखी ताठ होतात. कडेवर दोन्हीकडे पाय टाकून घेतलं तर मांड्या उघड्या राहतात, पाठ सरळ होते आणि त्याला जग दिसतं. कडेवर घेणं आपल्या बायकांना शिकवावं लागत नाही, फक्त ‘याला त्रास होईल’ ही भीती घालवावी लागते. दूध पाजणं मात्र नव्याने शिकावं लागतं. पाय पसरून त्यावर बाळ उताणं ठेवायचं आणि बोंडल्याने दूध ओतायचं, ही जुनी रीत गिळायला अडचण असलेल्या बाळासाठी धोक्याची आहे. दूध श्वासनलिकेत जातं आणि छाती पुन्हा पुन्हा भरते. डोकं वर, मान किंचित पुढे, थोडं थोडं. आणि चाकांचा गोल वॉकर आणू नये. त्यात बसलेलं मूल पायांच्या टोकांनी ढकलत जातं, तोल सांभाळायला शिकत नाही. सुताराने केलेला पांगुळगाडा वेगळा: मूल त्याच्या मागे स्वतः उभं राहतं आणि ढकलतं. पण तोही उभं राहता येऊ लागल्यावर, थेरपिस्टला विचारून. मूठभर ज्वारी निवडायला देऊन बोटांची चिमूट पक्की होते हे खरं, पण दाणा नाकात जातो, म्हणून मोठं माणूस शेजारी हवंच.

मोबाइलचं थोडक्यात. दोन वर्षांच्या आत पडदा नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. ज्याला संवादाचीच अडचण आहे त्याचे तर रोजचे किती तास त्यात जातात ते मोजून बघावं. पडदा त्याच्यासाठी पाच मोजून थांबत नाही.

व्यवस्था कागदावर बऱ्यापैकी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून झाली. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतात. विकासातला उशीर ही त्यांनी शोधायच्या चार गोष्टींपैकी एक आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. माता-बाल संरक्षण कार्डावर बाळ कधी काय करतं याची चित्रं छापलेली असतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि अंगणवाडी यंत्रणेला सोबत घेऊन ‘आरंभ’ नावाचं काम उभं केलं. त्यातल्या पालक मेळाव्यांत आई-बाप घरच्या डब्या-वाट्यांची खेळणी घेऊन मुलांशी खेळायला शिकतात. साखळी इथपर्यंत येते. तुटते ती सापडलेल्या मुलापासून पुढे: चिठ्ठी मिळते, सोलापूरच्या दोन फेऱ्या होतात, तिसरी होत नाही. ऊसतोडीच्या हंगामात फडावर गेलेल्या कुटुंबाचं मूल तर पथक आलं त्या दिवशी अंगणवाडीत नसतंच. म्हणून शिकवणारं माणूस तालुक्यात हवं. महिन्यातून दोनदा, अंगणवाडीत, आठ-दहा घरांचा गट, आणि मधल्या आठवड्यात एखादी गृहभेट. गोव्याने दाखवलेलं काम यापेक्षा फार निराळं नाही.

अशा गटात बहुधा आयाच येतात. मूल मागे पडलं की बोट तिच्याकडे वळतं: गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय कापलं. ग्रहणाने मुलाचा विकास अडत नाही. तिच्या कुठल्या चुकीने हे झालं असं बहुतेक वेळा काहीही नसतं. आज्जीला बोलावलं तर हे सगळ्यांसमोर सांगता येतं, आणि आज्जीला पटलं की घरात मतभेद उरत नाही. बापाला बोलावायचं तर सत्र आठवडी बाजाराची वेळ चुकवून ठेवावं. बाप नुसता सोबतीला नको. एका बापाने रोज अंघोळ घालायची जबाबदारी घेतली आणि डोक्यावर तांब्या धरून पाच मोजले, तर ‘ओत’ हा शब्द तिथेच येण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

सोलापूरला जायचं ठरलं तर चाळीस पानी वही सोबत घ्यावी. पहिल्या पानावर मूल कधी बसलं, कधी चाललं, कुठल्या महिन्यात फिट आली. दुसऱ्यावर तो स्वतःहून काय काय करतो. तिसऱ्यावर घरच्यांना पडलेले प्रश्न, कारण आत गेल्यावर ते आठवत नाहीत. मोबाइलमध्ये तो घरी खेळतानाचं दोन मिनिटांचं चित्रण, कारण अनोळखी खोलीत तो भिंतीकडे तोंड करून बसेल. आणि चौथ्या पानावर, आज्जीला विचारून, पाणी मागताना तो कोणता आवाज काढतो ते.